गिरजामायचं बिनमिठाचं कच्चं

आमच्या वऱ्हाडात बातमी सांगण्याचा एक क्रम आहे. आधी कापसाचा भाव, मग विहिरींचं पाणी, मग कोणाचा बैल गेला ते, आणि सगळ्यात शेवटी माणसं. अमरावतीहून अकोल्याला सरकी घेऊन आलेला दौलत गाडीवान गेल्या महिन्यात माझ्या ओट्यावर बसून याच क्रमानं बोलत होता. भाव झाला. पाणी झालं. त्याच्या डाव्या बैलाच्या खुराचं सविस्तर झालं. तांब्यातलं पाणी पिऊन उठता उठता तो म्हणाला, "अन् हो पंतोजी, ते गिरजामाय गेली. मक्यावाली."

"कधी?"

"आखाजीच्या आंधी. झाले असतीन आठ-पंधरा रोज."

"आणि तिचा तो विहिरीजवळचा तुकडा? त्याचं काय झालं?"

"ते मले नाई मालूम बाप्पा. मी सरकी वाहतो, वावरं नाई वाहत," असं म्हणून त्यानं बैलांना हाक मारली.

मी उरलेला दिवस वाचत बसलो, म्हणजे एकच पान उघडं ठेवून बसलो. माझ्याजवळची चरित्रं राजांची आहेत आणि साधूंची आहेत. उन्हाळ्यात एक कोशिंबीर करणाऱ्या बाईचं चरित्र कोणी लिहीत नाही, आणि मलाही ते लिहिता येणार नाही. तिचं माहेर कोणतं होतं हेसुद्धा मी कधी विचारलं नाही. जे कुंपणापलीकडून दिसलं तेवढं मला ठाऊक आहे.

कुंपण निवडुंगाचं होतं. अमरावतीच्या परकोटाबाहेर मी शाळामास्तर म्हणून राहत होतो, त्या भाड्याच्या घरामागे गिरजामायचा तुकडा सुरू होई. तुकडा म्हणजे खरोखर तुकडाच. दोन-चार बैलगाड्या सोडल्या तर भरून जाईल एवढा. पण त्याला लागून विहीर होती, आणि विहिरीला वैशाखातही पाणी असे. तिचा नवरा मरताना चार माणसांदेखत सांगून गेला होता की बाकी सगळं वावर धाकट्या भावाचं, गणपाचं; विहिरीजवळचा तुकडा गिरजाचा. हे सांगणं तोंडी होतं, आणि चार माणसांपैकी दोन पुढे स्वतःच निघून गेली. त्यामुळे तो तुकडा तिचा होता तो गणपा म्हणेल तोवर.

लोक तिला मक्यावाली म्हणत, पण मका तिनं कधी विकला नाही. ती उंच आणि किडकिडीत होती, कंबरेला विळा खोचलेला असे, आणि उन्हाकडे पाहून पाहून एक डोळा कायमचा बारीक झालेला होता. उजव्या अंगठ्याचं नख तिनं मुद्दाम वाढवलं होतं. जगातल्या प्रत्येक वस्तूला ती ते नख लावून पाही. काकडीला, कैरीला, नव्या लुगड्याच्या पोताला, आमच्या घराच्या गिलाव्याला. माझ्या हातात एकदा पुण्याहून आलेलं नवं पुस्तक होतं. तिनं कुंपणावरून हात लांब करून त्याच्या पुठ्ठ्यात नख रुतवलं आणि निकाल दिला, "निबर हाय." मी ते पुस्तक पुढे वाचलं. निबरच होतं.

मक्याच्या दाण्यात मात्र ते नख रुतलं की दूध उडायचं. तसं दूध उडालं तरच कणीस तोडायचं. हे बियाणं बऱ्हाणपूरकडच्या कोणा बागवानानं तिच्या सासऱ्याला दिलेलं. दाणा पिवळा, मध्येच एखादा पांढरा, आणि चवीला असा गोड की पहिल्यांदा खाणारा माणूस तिच्याकडे संशयानं पाही, यात गूळ तर घातला नाही ना म्हणून. माघात ती मका लावी आणि मोटेच्या पाण्यावर वैशाखापर्यंत जगवी. तेव्हा साऱ्या वऱ्हाडाची जमीन काळी, भेगाळलेली असे आणि हिरवं म्हणून फक्त तिचा तुकडा दिसे.

त्या मक्याचं ती जे करी त्याला 'कच्चं' म्हणत असे. मोठी पितळी परात, तिच्यात पळसाची पानं. एका बाजूला नदीच्या वाळवंटातली काकडी, शेजारी कैरीचे बारीक तुकडे, त्यापुढे खरबुजाच्या केशरी फोडी. चिखलदऱ्याच्या बाजूनं डोंगरातल्या बाया करवंदं घेऊन उतरत, ती काळी करवंदं त्यापुढे. मग ओल्या लाल मिरचीचे कण आणि कोथिंबीर. परातीचा मधला भाग रिकामा ठेवायचा. हे सगळं मांडून झालं की विळा घेऊन ती मक्यात शिरे.

"आंधी परात मांडाव, मंग कणीस तोडाव," असं तिचं म्हणणं. "तोडल्यावर मका रुसते. जितका येळ ठेवान तितका रुसते."

माझ्या बायकोनं एकदा सकाळीच तोडलेलं कणीस दुपारी वापरलं. गिरजामायनं चव घेतली, आणि ते कणीस गेल्याचं दुःख तिच्या चेहऱ्यावर आठवडाभर होतं.

दाणे मध्ये ओतायचे, वर लिंबू, जवसाच्या तेलाचे चार थेंब, आणि खाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत कालवायचं. मीठ नाही. पानावर कच्चं वाढलं की ती म्हणे, "मीठ तुमचं तुमी टाका."

याचं कारण सांगितलं पाहिजे. गिरजामाय कुणबी आणि आम्ही ब्राह्मण. तिच्या हातचं शिजवलेलं आम्हाला चालत नव्हतं, पण जे विस्तवाला शिवलेलं नाही आणि ज्यात पाणी किंवा मीठ पडलेलं नाही ते चालत होतं. हा नियम कोणी केला ते मला कुठल्या पोथीत सापडलं नाही, पण गावात सगळ्यांना तोंडपाठ होता. काकडीत पाण्यावाचून दुसरं काय असतं, असा प्रश्न मला पडत असे. पण ते पाणी देवानं घातलेलं, माणसानं नव्हे, असा त्यावर निकाल होता. अशा रीतीनं मिठाच्या एका चिमटीवर सगळ्यांचा धर्म तोलून धरलेला होता, आणि ती चिमूट न टाकल्यामुळे गिरजामायचं कच्चं ब्राह्मणाच्या, मारवाड्याच्या, माळ्याच्या, सगळ्यांच्या घरी जात होतं. माझ्या बायकोनं तर कुंपणाजवळच्या दगडावर एक मिठाची वाटीच कायम ठेवली होती. वाटी आमची, मीठ आमचं, दगड मात्र अर्धा त्यांच्या हद्दीत.

अशात सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई सुरू झाली, आणि तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला म्हणून आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. कोण कोणाशी लढत होतं हे अमरावतीत कोणाला ठाऊक नव्हतं, पण ती लढाई चालू राहावी म्हणून देवळात अभिषेक झाले, हे मी स्वतः पाहिलं आहे. ज्वारीच्या जागी कापसाची पऱ्हाटी आली, तुरीच्या जागी आली, मग वांगी, मिरची, कोथिंबिरीच्या वाफ्यांत आली. लोकांच्या गंजीत कापूस, घरात कापूस, दाढीमिशांत कापूस. हळूहळू अशी वेळ आली की कानात सोन्याची भिकबाळी घातलेला माणूस बाजारभर एक काकडी शोधत फिरतो आहे आणि त्याला ती मिळत नाही.

गिरजामायचा दीर पहिल्या हंगामापर्यंत गणपा होता. दुसऱ्या हंगामात तो गणपतराव झाला, आणि कोणी चुकून जुन्या नावानं हाक मारली तर ऐकू येईनासं झालं. त्यानं वैशाखात घालायला लोकरीचा कोट शिवला. गोठ्यात काचेची हंडी टांगली. "बैलायले वाटते लगन हाय," गिरजामाय म्हणाली, "रातभर रवंथ नाई करत, नवरदेवाची वाट पायतात." पुढे मुंबईहून तीन घड्याळं आली आणि ओसरीवर एका ओळीत लागली.

"काहून रे गणपा, घड्याळं तीन काहून?" लहानपणापासून त्याला तिनंच वाढवलेलं असल्यामुळे गावात ती एकटीच अजून त्याला गणपा म्हणत होती.

"एखादं बंद पडलं तं, वयनी?"

"पण तिघायत तीन येळा दिसून राहिल्या. जेवाले कोणत्यावर बसाचं?"

"सायेब येतीन तवा मोठ्या लंबकावर."

"अन् भूक लागन तवा?"

 गणपतरावाचं लक्ष कुंपणाकडे होतं. तो रोज एकदा तुकड्याच्या बांधावर येऊन उभा राही. "वयनी, यात पऱ्हाटी लावली अस्ती तं चांदीच्या ताटात जेवल्या असत्या तुमी."

"अन् ताटात काय वाढलं असतं? बोंडं?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण एका वैशाखात ते हसणं थांबलं. कापूस विकत घेणाऱ्या एका गोऱ्या व्यापाऱ्याला गठ्ठे दाबण्याचं यंत्र बसवायचं होतं, आणि यंत्राला जवळ पाणी हवं होतं. गणपतरावानं जागा दाखवायचं कबूल केलं. जागा म्हणजे गिरजामायचा तुकडा. साहेब जागा पाहणार, पसंत करणार, आणि दुसऱ्या दिवशी पाया खणायला माणसं येणार, असं ठरलं. तिला हे गणपतरावानं सांगितलं नाही. त्यानं एवढंच सांगितलं की मोठे पाहुणे येतील, तुमचं ते कच्चं करा. पाया खणणाऱ्यांचा मुकादम आदल्या दिवशी येऊन मक्यात चार खुंट्या ठोकून गेला, त्यावरून तिला कळलं. तिनं खुंटीला नख लावून पाहिलं. बाभळीची होती.

त्या दिवशी दुभाष्या म्हणून मला बोलावलं होतं. माझं इंग्रजी दोन पुस्तकांतून आलेलं, आणि जिवंत इंग्रजावर मी ते तोवर वापरलेलं नव्हतं. ऊन कलल्यावर मांडवात पाहुणे जमले. मध्ये टेबलाशी साहेब, पिकलेल्या तोंडल्यासारखा लाल. कडुनिंबाखाली कापसाचे दलाल असलेले शेठजी. त्यांचा आचारी वाटेत ऊन लागून आडवा झाला होता. दुसऱ्या बाजूला स्वतंत्र पाटावर कचेरीतले शिरस्तेदार, सोवळ्याचे. त्यांच्यापासून हातभर अंतरावर मी. गणपतरावानं मुंबईहून पत्र्याच्या डब्यांतलं खाणं मागवलं होतं. ते उघडल्यावर जो वास आला त्यानं साहेबानंच रुमाल नाकाला लावला. फळफळावळ म्हणून आणलेली केळी उन्हानं काळी पडली होती. म्हणजे चारही पाहुण्यांना चालेल असं त्या मांडवात एकच होतं, आणि ते पितळी परातीत घेऊन गिरजामाय आली.

परात टेबलावर ठेवली तेव्हा सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. इतके महिने डोळ्यांना पांढरं पाहायची सवय झाली होती, आणि आता तो पिवळा, तो केशरी, तो हिरवा, ती काळीभोर करवंदं. शिरस्तेदारांनी गिळलेला आवंढा मला हातभर अंतरावरून ऐकू आला.

गिरजामायनं कालवलं आणि नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. पण गणपतराव पुढे झाला. साहेबाला वाटेल या घरी मीठसुद्धा नाही, ही त्याची चिंता. त्यानं टेबलावरची नवीकोरी चांदीची मीठदाणी उचलली आणि लोकरी कोटाची बाही मागे सारून, पेरणी केल्यासारखं, सबंध परातीवर मीठ टाकलं.

पहिल्यांदा शिरस्तेदारांचा हात मागे गेला. मग शेठजी आकाशाकडे पाहू लागले. तिसरा हात मागे गेला तो माझा होता. माझ्या हाताकडे मी असा पाहत होतो जणू तोही शिरस्तेदारांचाच आहे. साहेब मात्र खाऊ लागला होता, आणि थांबत नव्हता.

"काय झालं? घ्या न महाराज," गणपतराव म्हणाला.

"आता कसं घेणार, गणपतराव?"

"मीठ चांगलं हाय! समुद्राचं हाय! मुंबईहून आणलं!"

"प्रश्न मिठाचा नाही," शिरस्तेदार खिन्नपणे म्हणाले. "ते कोणत्या हातानं पडलं याचा आहे."

"हात तो भला है, रावसाहेब," शेठजी आकाशाला उद्देशून म्हणाले, "पर नियम भी कोई चीज है."

गणपतरावानं आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग मीठदाणीकडे. दोन्ही चांगलीच दिसत होती. ज्याच्या कापसाला सातासमुद्रापलीकडून मागणी होती, त्याच्या चिमूटभर मिठाला कडुनिंबापर्यंत जाता येत नव्हतं. पाहुणे मांडवातून उपाशी उठणार, आणि ही गोष्ट उद्या बाजारात सगळ्यांच्या तोंडी होणार, हे त्याच्या चेहऱ्यावर उतरलं. तो विहिरीजवळ गेला. गिरजामाय तिथे खुंटीला पाय लावून उभी होती.

"वयनी, पुन्हा करा."

"कणसं सरले."

"ते चिंध्या बांधलेले हायेत न?"

"ते बियाचे हायेत."

"आजच्या दिवस पाय न माय! इज्जत चालली माही."

तो तिला वयनी म्हणत असे. माय म्हटलेलं मी त्या दिवशीच ऐकलं. लहानपणी म्हणत असेल. तिनं त्याच्याकडे बारीक डोळ्यानं पाहिलं. मग विहिरीवरून मांडवापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, पण त्याच्याशी नाही, माझ्याशी.

"ओ पंतोजी! सायबाले विचारा, ज्या तुकड्याचं खाऊन राहिले, तोच खंदाले आले ते. आज खाचं हाय का यंत्र बसवाचं हाय? एक सांगा म्हणा."

मी भाषांतर केलं. जेवढं ती बोलली तेवढंच केलं, असं मी शपथेवर सांगणार नाही. साहेबानं खुंट्यांकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, हनुवटी पुसली. तो जे म्हणाला ते मी मोठ्यानं मराठीत सांगितलं, "साहेब म्हणतात, विहिरी पुष्कळ आहेत. हे दुसरीकडे कुठे मिळेल?"

"आयकलं, गणपा?" गिरजामाय म्हणाली. "आता तू सांग. मी जिती हाय तवर या तुकड्यात कोनी काई बांधाचं नाई, पऱ्हाटी लावाची नाई. चार मानसायसमोर सांग. तुया भावानं बी चार मानसायसमोरच सांगतलं होतं."

गणपतराव खाली पाहून काहीतरी पुटपुटला.

"शिरस्तेदारसाहेबायले आयकू गेलं नाई."

"वयनी जित्या हाय तवर तुकडा वयनीचा!" तो ओरडला. त्या वेळी ओसरीवरच्या तीन घड्याळांत तीन निरनिराळ्या वेळा होत्या. गणपतरावानं तिन्ही वेळांना शब्द दिला, असं मी पुढे बायकोला सांगत असे.

"आयकलं न, साहेब?" तिनं शिरस्तेदारांना विचारलं.

"ऐकलं, बाई, ऐकलं. आता कणीस तोडा!"

पण कणीस तिनं लगेच तोडलं नाही. आधी परात घासली, उन्हात वाळवली, पानं मांडली. काकडी चिरली, कैरी चिरली, करवंदं एकेक निवडली. कचेरीचे शिरस्तेदार आणि दलालीतले शेठजी पाटावर बसून पाहत राहिले.  परातीचा मधला भाग रिकामा राहिला तेव्हा ती मक्यात शिरली. चिंध्या बांधलेली सगळी कणसं तिनं तोडली, एक सोडून. वाढून झालं आणि ती म्हणाली, "मीठ तुमचं तुमी टाका." शेठजींनी कमरेच्या बटव्यातून मीठ काढलं, शिरस्तेदारांनी पंचपात्राशेजारच्या चांदीच्या डबीतून. गणपतराव मीठदाणी दोन्ही हातांत धरून कोपऱ्यात उभा होता.

मी माझं मीठ घरी विसरलो होतो. शिरस्तेदारांनी आपल्यातलं दिलं.

त्या एका राखलेल्या कणसाच्या बियाण्यावर पुढच्या माघात सबंध तुकडा पुन्हा उभा राहिला. तो मका हाताला आला आणि माझी बायको तापानं गेली. तिच्याविषयी मी इथे लिहिणार नाही. एवढंच की, सुतकात आम्ही अळणी खात होतो. शास्त्राप्रमाणे त्या दिवसांत मीठ वर्ज्य असतं. तिसऱ्या दिवशी मी मागच्या दारी गेलो तर कुंपणाजवळच्या दगडावर पान होतं. पिवळं, केशरी, हिरवं. नुकतंच कालवलेलं, कारण दाण्यांतून अजून दूध पाझरत होतं. गिरजामाय पलीकडे पाठमोरी उभी होती. ती मागे वळली नाही आणि नेहमीचं वाक्य बोलली नाही. मिठाची वाटी बायकोनं ठेवली होती तिथेच होती, पण तिनं ती एका पानानं झाकून ठेवली होती.

मी तिथेच उभ्यानं खाल्लं. कैरी आंबट होती, मका गोड होता. इतकी वर्षं खाऊनही मला ठाऊक नव्हतं की त्या कच्च्याला मिठाची गरजच नव्हती.

मग ती लढाई संपली. देवळात केलेले अभिषेक कमी पडले असावेत. भाव असा उतरला की गणपतरावाला लोक पुन्हा गणपा म्हणू लागले आणि त्याला ते ऐकू येऊ लागलं. लोकरीचा कोट बुजगावण्याच्या अंगावर गेला, तिथे तो अधिक शोभला. हंडी गोठ्यातून निघाली आणि बैल रवंथ करू लागले. घड्याळांपैकी दोन बंद पडली. तिसरं चालू होतं, पण त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं. तुकड्याविषयीचा शब्द गणपानं पाळला. तो पाळण्याचं श्रेय त्याचं किती आणि पडलेल्या भावाचं किती, हे मी ठरवू शकलो नाही. पण एका सकाळी मोट चालल्याचा आवाज आला म्हणून पाहिलं, तर बैलांच्या मागे गणपा होता.

"काहून रे, आज इकडं कसा?" गिरजामायनं विचारलं.

"काई नाई. बैलायले काम नव्हतं."

"बैलायले का तुले?"

तो हसला. पुढे तो रोजच येऊ लागला. ती त्याला पाणी कुठे सोडायचं ते सांगे, तो विसरे, ती बोले, तो मान हलवे. वाफ्याच्या बांधावर तो पूर्वी उभा राही त्याच जागी आता बसत असे.

माझी बदली अकोल्याला झाली. दौलत गाडीवान गेल्या महिन्यात बातमी सांगून गेला ती अर्धी होती, आणि मला राहवेना, म्हणून परत जाताना मी त्याला वेशीवर गाठलं. तुकड्याचं काय झालं तेवढं पाहून येऊन सांग, असं म्हटलं. शब्द 'जित्या हाय तवर'चा होता आणि ती आता नव्हती. शिवाय भाव पुन्हा थोडा चढला आहे, हे दौलतनंच मला सगळ्यात आधी सांगितलं होतं.

काल तो आला. क्रम मोडून आधी पिशवीत हात घातला आणि एक वाळलेलं कणीस काढलं. देठाला निळ्या लुगड्याची चिंधी होती.

"गणपाकाकानं देल्लं. म्हने, पंतोजीले सांग, माघात लावा. अन् म्हने, आंधी परात मांडा, मंग तोडा."

"आणि तुकडा?"

"हिरवा हाय. चिंध्याच चिंध्या बांधल्या हायेत बुढ्यानं. अर्ध्या वावराले पुरन इतकं बी." मग त्याला आपलं कर्तव्य आठवलं आणि तो भावाकडे वळला.

मी कणसाच्या दाण्याला नख लावून पाहिलं. निबर होतं, बियाण्याचं असायला हवं तसं.

अमरावती सोडली त्या दिवशी मी तिचा निरोप घ्यायला गेलो होतो, तेव्हा कुंपणावरून नाही, वळसा घालून फाटकातून गेलो. वैशाखच होता. उघडा डोळाही तिला आता दगा देत होता, ती बोटांनी चाचपत चाले. परात मांडलेली होती. गणपानं चिरून दिलं होतं, तुकडे लहानमोठे झाले होते आणि त्याबद्दल त्याला बोलणी बसून झाली होती. माझा आवाज ऐकून ती मक्यात शिरली, एकेका कणसाला नख लावत गेली, आणि नखावर दूध आलं ते कणीस तिनं तोडलं. दाणे काढले. कालवलं. पान माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "मीठ तुमचं तुमी..."

"आज तुम्हीच टाका, माय," मी म्हणालो.

ती थांबली. विहिरीवर गणपानं मोट थांबवली. दगडावरची वाटी तिनं चाचपून शोधली, चिमूट घेतली आणि पानावर धरली. ती टाकेना. मला वाटलं, तिला माझ्या धर्माची काळजी पडली.

"पंतोजी," ती म्हणाली, "तुमी किती खारट खाता ते मले कुठं मालूम हाय?"

"तुमच्या अंदाजानं."

तिनं बोटं किंचित सैल केली. थोडं मीठ पडलं. ती कान देऊन थांबली, जणू पडलेलं मीठ ऐकू येतं.

"आखीन?"

पुरेसं झालं होतं.

"आणखी थोडं," मी म्हणालो.